उजेड कुणाच्या वाटणीला?

आर्किटेक्टनं नकाशा टेबलावर पसरला. पेन्सिलीचं टोक एका मोठ्या चौकोनावर ठेवून तो म्हणाला, "काकू, हा तुमचा हॉल. ही अख्खी भिंत काचेची. सोफ्यावर बसलात की समोर मलंगगड."

मी विचारलं, "आणि मी सोफ्यावर बसणार कधी?"

तो हसला. नवराही हसला. मी विनोद केला नव्हता.

डोंबिवलीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत आमची पस्तीस वर्षं गेली. दोघांच्या नोकऱ्या, दोन मुलं, सासूबाई आणि लोकलचं वेळापत्रक. निवृत्तीनंतर नवऱ्याची ग्रॅच्युइटी आणि माझा प्रॉव्हिडंट फंड एकत्र करून कल्याणपलीकडे मलंगगडाच्या रस्त्याला थोडी जमीन घेतली. लेक आणि सूनही आमच्याबरोबर राहणार होते. सर्वांना एकच हवं होतं, उजेडाचं, मोकळं घर, जिथून डोंगर दिसेल, पाऊस दिसेल. या मागणीत मीही होते. म्हणूनच नकाशा पाहिल्यावर मला आधी काय खुपतंय ते कळेना.

रात्री सगळे झोपल्यावर मी नकाशा पुन्हा उघडला आणि शेजारी वहीत माझा दिवस लिहून काढला. सकाळी साडेपाच ते साडेनऊ स्वयंपाकघर. मग कपडे, भांडी, झाडलोट. अकरा ते एक पुन्हा स्वयंपाकघर. दुपारी निवडणं-टिपणं. चारला चहा. सहा ते साडेआठ स्वयंपाकघर. हॉलमध्ये मी बसणार ती रात्री नऊनंतर, म्हणजे काचेत डोंगर नाही, आमच्याच ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसेल तेव्हा. स्वयंपाकघर कुठे, तर मागे, वायव्येच्या कोपऱ्यात. त्याला एक खिडकी, आणि खिडकीसमोर कुंपणाची भिंत. जो डोंगर पाहायला आम्ही आयुष्याची पुंजी ओतत होतो तो मला दिसणार होता रविवारी, पाहुण्यांपुढे चहाचा ट्रे ठेवताना.

त्या रात्री मला आईचं स्वयंपाकघर आठवलं. डोंबिवलीच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढची खोली गॅलरीला लागून, उजेडाची. तिथे वडिलांची खुर्ची, रेडिओ, आम्हा मुलांचा अभ्यास, आल्यागेल्याची बैठक. मागची खोली आईची. तिथे ओटा, मोरी, स्टोव्ह आणि दिवसासुद्धा जळणारा चाळीसचा बल्ब. वीजबिल आलं की वडील म्हणत, "दिवसा दिवा कशाला लागतो?" आई काही बोलत नसे. दुपारी दोन ते चार मात्र ती सूप आणि तांदूळ घेऊन गॅलरीत येई. शेजारणीही येत. पुरुषमंडळी कामावर गेलेली असत, तेवढे दोन तास उजेड बायकांचा. साडेपाचला पहिली गाडी रिकामी होऊ लागली की सुपं आत जात.

नीरा आडारकर यांनी संपादित केलेलं मुंबईच्या चाळींवरचं पुस्तक २०११ साली आलं. त्याच्या नावातच गॅलरी आहे. चाळीच्या सामूहिक जगण्यात गॅलरीला केवढं महत्त्व होतं, हे आता सगळेच कौतुकानं बोलतात. मीही बोलते. पण त्या गॅलरीवर आईचा हक्क वेळ ठरवून दिल्यासारखा होता, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. घर तेच, खिडक्या त्याच, तरी उजेडाची वाटणी झालेली होती आणि ती कुणी कागदावर केलेली नव्हती. नव्या घरात मात्र ती कागदावर होती. माझ्या समोर, मोजमापासकट.

मैत्रिणींनो, ही वाटणी चाळीपासून सुरू झाली नाही. आपली जुनी कोकणी घरं आठवा. पुढे अंगण, ओटी, पडवी. मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागे परसू. जसजसं आत जावं तसतसा अंधार वाढत जातो आणि बायकाही वाढत जातात. ओटीवर पुरुष आणि पाहुणे, माजघरात बायका. घरातली सगळ्यांत अंधारी, कोंदट खोली कुणाची? बाळंतिणीची. वारा लागेल, दृष्ट लागेल, विटाळ होईल म्हणून दारं-खिडक्या बंद, वर शेगडीचा धूर. ज्या बाईला आणि ज्या जिवाला स्वच्छ हवा-उजेडाची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच दहा दिवस कोंडायचं. आनंदीबाई जोशी आमच्या कल्याणची मुलगी. ती १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली तेव्हा तिच्या प्रबंधाचा विषय हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र हा होता. पुढच्याच वर्षी क्षयानं ती गेली, बावीसाव्या वर्षाच्या आत. क्षय आणि कोंदट घरं यांचं नातं आज शाळेतली मुलंही सांगतील.

आणखी एक गोष्ट सांगते, जी नकाशात कधीच नसते. आमच्या घरी पाळीचे कपडे मोरीवरच्या दोरीवर, जुन्या साडीच्या घडीखाली लपवून वाळत घातले जात. ओले, कुबट. त्यांना ऊन दाखवायचं नाही. ऊन फुकट असतं आणि ते जंतू मारतं, हे आम्ही शास्त्राच्या पुस्तकात शिकत होतो आणि घरी गेल्यावर विसरत होतो. घरात उजेड किती आला हा प्रश्न खिडकीच्या चौरस फुटांवर संपत नाही. कशाला उजेडात यायची परवानगी आहे, हेही विचारावं लागतं.

इथे मला स्वतःलाच एक टोकणं भाग आहे. अंधाराचा सगळा दोष पुरुषसत्तेवर टाकणंही खरं नव्हे. आपल्या भागात पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. आडव्या झडीत उघडी खिडकी म्हणजे ओलं अंथरूण. एप्रिल-मेची काहिली वेगळी. म्हणून खाली उतरलेली छपरं, जाड भिंती, लहान खिडक्या. वारल्यांच्या घराला कारवीच्या कुडाच्या, शेणमातीनं लिंपलेल्या भिंती असतात आणि उघडझाप अगदी थोडी. आत अंधार, थंडावा. पण तिथे दिवस घरात जातच नाही, तो अंगणात जातो. दळण, कांडण, गप्पा, मुलं, सगळं बाहेर, झाडाखाली. तिथल्या अंधाऱ्या गेरूच्या भिंतीवर लग्नात तांदळाच्या पिठानं चौक लिहीत ते सुवासिनीच. तेव्हा काच मोठी म्हणजे घर उजेडाचं, हा शहरी गैरसमज आहे. घरातली माणसं आपले जागते तास कुठल्या उजेडात काढतात, यावर घर उजेडाचं की अंधाराचं ते ठरतं.

हा हिशेब घेऊन मी दुसऱ्या दिवशी आर्किटेक्टकडे गेले. नवरा म्हणाला, "अगं, तो शिकलेला मुलगा आहे, त्याला त्याचं काम करू दे." मी म्हटलं, "अहो, मीही माझ्या कामातली शिकलेलीच आहे. चाळीस वर्षांची प्रॅक्टिस आहे."

त्या मुलाचं मात्र कौतुक केलं पाहिजे. तो रागावला नाही. माझी वही त्यानं नीट वाचली आणि म्हणाला, "काकू, कॉलेजात आम्हाला सूर्याचा मार्ग काढायला शिकवतात. घरातल्या बाईचा मार्ग काढायला कुणी सांगितलं नव्हतं." खरंच आहे. आपल्याकडे वास्तुकलेची पदवी घेणारी पहिली स्त्री पेरीन मिस्त्री, १९३६ साली, मुंबईच्या जे. जे. मधून. आज वास्तुकलेच्या वर्गांत मुलींची उणीव नाही. तरी हॉल पुढे आणि स्वयंपाकघर मागे, ही चौकट तशीच चालत आली आहे, कारण चौकट आखणाऱ्याच्या हातात नसते, सांगणाऱ्याच्या डोक्यात असते. आणि सांगायला सहसा घरचा पुरुष जातो. बाईला विचारतात ते ओट्याच्या कडप्प्याचा रंग.

मग आम्ही जमिनीवर गेलो. कागद नाही, जमीन पाहायची ठरली. शेजारच्या गावातल्या एक आजी तिथे गवत कापत होत्या. आर्किटेक्टनं बांधकामासाठी जी जागा धरली होती ती पाहून त्या म्हणाल्या, इथून श्रावणात पाणी वाहतं, पोरी. वर्षभर कोरडा दिसणारा तो खोलगट पट्टा म्हणजे ओहोळ होता. भराव टाकून तो बुजवायचा असं आमच्या ठेकेदाराचं ठरलेलंच होतं. मला २००५ सालची २६ जुलै आठवली. आमच्या तळमजल्यात कमरेइतकं पाणी होतं. उल्हास आणि वालधुनी नद्यांनी तेव्हा कल्याण-बदलापूरच्या किती घरांतली भांडी वाहून नेली! २०१९ च्या जुलैत तर वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि शेकडो उतारूंना होड्यांतून काढावं लागलं. ओढे बुजवून, पाणथळ भरून आपण घरं बांधतो आणि पाणी शेजाऱ्याच्या घरात जातं. शेजारी बहुतेक वेळा आपल्यापेक्षा गरीब असतो. आणि पूर ओसरल्यावर चिखल कोण काढतं, तेही आपल्याला ठाऊक आहे.

आजींच्या एका वाक्यानं घर बारा फूट वर सरकलं. ओहोळ राहिला, काठचे दोन ऐन आणि आंबा राहिला. जोतं दगडाचं, उंच केलं. निसर्गाला साजेसं घर म्हणजे खिडकीतून निसर्ग दिसणं नव्हे. जमिनीवर जे आधीपासून चाललंय, त्याच्या वाटेत न येणं ही त्याची पहिली अट. येऊरला काय झालं ते आपण पाहतोच आहोत. राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत, आदिवासी पाड्यांच्या शेजारी बेकायदा बंगल्यांचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजतो आहे. निसर्गाच्या ओढीनंच गेलेली माणसं ती. घोडबंदर रस्त्याच्या जाहिरातींतही डोंगर आणि जंगल विकायला असतं, आणि त्या टॉवरसाठी लागणारी खडी कुठल्या तरी दुसऱ्या डोंगरातून येते. आमच्याही घराची खडी कुठून तरी आलीच. हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही.

आता उजेडाचा हिशेब. हा भाग मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण तो कुठल्याही घराला लागू आहे. आपल्याकडे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. डिसेंबरात मात्र तो दुपारीही दक्षिणेला चांगला कललेला असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला, तर उन्हाळ्यात दुपारचं ऊन अडतं आणि थंडीत तेच ऊन आत येतं. पश्चिमेचं ऊन तिरपं, त्याला छज्जा पुरत नाही, आणि पावसाची झडही नैऋत्य-पश्चिमेचीच. तेव्हा पश्चिमेला कोठी, न्हाणीघर, जिना असं काही घालावं आणि खिडक्या लहान ठेवाव्यात. उत्तरेचा उजेड दिवसभर शांत असतो, वाचायला-शिवायला बरा. पूर्वेचं ऊन सकाळचं, कोवळं. आणि सकाळी घरात सर्वांत जास्त काम कुठे असतं? स्वयंपाकघरात. वास्तुशास्त्रवाले आग्नेयेला स्वयंपाकघर सांगतात. घरातल्या ज्यांना माझं म्हणणं पटत नव्हतं, त्यांना ते पटलं. मी त्या मदतीनं हुरळले नाही. अमुक दिशेला चूल नसली तर बाईवर संकट येतं, ही भीती घालून अनेकींना छळलेलं मी पाहिलंय. मला आग्नेय हवी होती ती उन्हासाठी.

आमच्या कौलारू छपरात ओट्यावर दोन काचेची कौलं बसवली. आजोळी असायचं तसं. खर्च नगण्य. सकाळी नऊला उन्हाचा एक पट्टा ओट्यावर उतरतो आणि हळूहळू सरकत भिंतीवर जातो. आणखी एक गोष्ट मी हट्टानं मागितली, उत्तरेला एक पडवी. कशाला, तर कपडे वाळत घालायला. आर्किटेक्टच्या पहिल्या नकाशात कपडे नव्हतेच. मासिकांतल्या सुंदर घरांच्या फोटोंमध्ये कधी दोरीवरचे कपडे पाहिलेत? जणू त्या घरांतली माणसं कपडे धूत नाहीत. आपल्याकडे चार महिने पाऊस. पाच माणसांचे ओले कपडे पंख्याखाली, दारांवर, खुर्च्यांवर. ती दमट हवा श्वासात घेत घरात दिवसभर कोण असतं? झडीच्या आड, पण वारा आरपार जाईल अशी पडवी, ही आमच्या घरातली सर्वांत उपयोगी जागा ठरली आहे. तिथे सगळे कपडे वाळतात. सगळे म्हणजे सगळे.

इथवर सगळं गोड चाललं होतं. स्वयंपाकघर आग्नेयेला आलं, खिडकीतून मलंगगड आला, हॉल थोडा लहान होऊन शेजारी सरकला. मी मोठी लढाई जिंकल्यासारखी खूश होते. तेव्हा सून म्हणाली, "आई, एक विचारू? स्वयंपाकघर एवढं सुंदर झालं म्हणून मी तिथेच राहायचं का?"

मला क्षणभर राग आला. मग झोप गेली. कारण प्रश्न बरोबर होता.

स्त्रियांसाठी स्वयंपाकघर नीट आखण्याचा इतिहास आपण विसरता कामा नये. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुरचनाकार बाईनं जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातल्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर तयार केलं. बाईची पावलं मोजून, रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या स्वयंपाकघराचा अभ्यास करून, प्रत्येक वस्तू हाताशी येईल असं. उद्देश चांगला होता, बाईचे कष्ट वाचावेत, वेळ वाचावा. तशी हजारो स्वयंपाकघरं बसली आणि आजचा आपला सलग ओटा-कपाटं त्याचीच नातवंडं. पण ते होतं दोन मीटरही रुंद नसलेलं, एकाच माणसापुरतं. तो एक माणूस कोण, हे गृहीतच होतं. तिथे नवरा येऊन भाजी चिरेल अशी जागाच नव्हती. पुढच्या पिढीतल्या स्त्रीवाद्यांनी नेमकी यावरच टीका केली. आणि गंमत म्हणजे त्या बाईंनी स्वतः तोवर कधी घर चालवलं नव्हतं, हे त्यांनीच नंतर सांगितलं.

म्हणजे मी मागत होते तो उजेड चुकीचा नव्हता, अपुरा होता. पिंजऱ्याला खिडकी मिळाली एवढंच. मग सुनेला आणि लेकाला बसवून आम्ही पुन्हा नकाशा घेतला. ओट्याची उंची माझ्या मापाची होती, ती एका बाजूला तीन इंच वाढवली, कारण लेक उंच आहे आणि वाकून पाठ दुखते ही त्याची सबब होती. आता सबब नाही. मधली भिंत काढली. जेवणाचं टेबल स्वयंपाकघरातच आणलं, म्हणजे "पाणी दे गं" असं ओरडायला अंतरच उरलं नाही. ज्याला डोंगर पाहायचाय त्यानं कणीक मळता मळता पाहावा! नवरा आता सकाळचा चहा करतो. अडुसष्टाव्या वर्षी शिकला. भिंत पाडल्यानं हे झालं असं मी म्हणणार नाही, त्यासाठी बरंच बोलावं लागलं. पण भिंत असती तर बोलणं ऐकू गेलं नसतं.

आणि सुनेच्या सांगण्यावरून पूर्वेच्या खिडकीत एक टेबल आलं. ते कुणा एकीचं नाही, पण बाईंचं आहे. तिथे बसलेल्या बाईला कामासाठी हाक मारायची नाही, असा नियम आहे. तो मोडतो. पुन्हा सांगतो, पुन्हा पाळतो. हा लेख त्या टेबलावर लिहिला.

आता सर्वांत अवघड भाग. घर सुंदर झालं, पण ते कुणाचं? माझी एक मैत्रीण ठाण्यात राहत होती. वीस वर्षं तिनं एक फ्लॅट सजवला. खिडकीत तुळस, जास्वंद, पडदे स्वतः शिवलेले. त्या घरात मी जेवढा उजेड पाहिला तेवढा कुठे पाहिला नाही. एका रात्री ती पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मार खाल्लेला होता. फ्लॅट सासूच्या नावावर होता. तेव्हा तिला सांगण्यात आलं की या घरात तुझं काही नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं अशा बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ती असा हक्क मागू शकते. माझ्या मैत्रिणीच्या वेळी हे काही नव्हतं. आणि आजही हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नव्हे.

मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशानं २००५ साली. पण हक्कसोड पत्रावर सही करणाऱ्या बहिणी आपल्या घराघरांत आहेत. मीही केली होती, भावाशी संबंध बिघडू नयेत म्हणून. २०२१ पासून राज्यात बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. सुरुवातीला पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली गेली. चांगली सोय आहे. पण सवलतीसाठी बायकोचं नाव आणि निर्णयासाठी नवऱ्याचं डोकं, असंही चाललेलं दिसतं. आमच्या जमिनीच्या सात-बारावर दोघांची नावं आहेत. ते सहज झालं नाही. "माझ्यावर विश्वास नाही का?" हे वाक्य मीही ऐकलं. मी म्हटलं, विश्वास आहे म्हणूनच शांतपणे मागते आहे, नसता तर वकील आणला असता.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, बाई, तुमच्याकडे जमीन आहे, आर्किटेक्ट आहे, आमचं काय? हे मला आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी विचारलं. त्यांची खोली डोंबिवली पूर्वेच्या एका चाळीत. एकच खिडकी, आणि हातभरावर शेजारच्या इमारतीची भिंत. दिवसाही दिवा. माझ्या आईपासून तिथवर साठ वर्षं गेली आणि बल्ब तेवढा बदलला. त्याहून वाईटही आहे. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ लकी कंपाऊंडमधली बेकायदा, अर्धवट बांधलेली सात मजली इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. अशा इमारतींत लोक हौसेनं राहत नाहीत. मुंबईत गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास झाला, तेव्हा दाटीवाटीच्या इमारतींत, ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयाचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे उजेड ही हौस नाही. अन्नपाण्यासारखा तो आरोग्याचा प्रश्न आहे. आणि घरात सर्वांत जास्त तास काढणारी बाई त्याची पहिली बळी.

आज ठाण्यात क्लस्टर योजनेची, कल्याण-डोंबिवलीत जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची चर्चा गल्लोगल्ली चालू आहे. आपल्यापैकी बहुतेकींना नवं घर मिळणार ते असंच. सोसायटीच्या सभेत चर्चा कशाची होते? जादा चौरस फूट किती, भाडं किती, पार्किंग किती. स्वयंपाकघराची खिडकी उघड्या हवेत आहे की बंद डक्टमध्ये, दोन इमारतींत अंतर किती, खालच्या मजल्यावर ऊन किती तास येईल, कपडे कुठे वाळतील, हे कोण विचारतं? सभेला सभासद जातात आणि सभासद म्हणजे पुष्कळदा नवरा. समितीत बायकांसाठी राखीव जागा असतात, त्या भरल्या जातात आणि बैठकीच्या चहाची जबाबदारीही त्यांच्याचकडे येते. तेव्हा माझं म्हणणं असं, की शेअर सर्टिफिकेटवर नाव लावून घ्या, सभेला जा आणि नकाशा मागा. नकाशा वाचणं अवघड नाही. आपण शिवणाचा कागद वाचतो, त्याहून सोपं आहे.

आमच्या गटात आम्ही एक खेळ केला, तो तुम्हीही करून पाहा. प्रत्येकीनं आपल्या घराचा नकाशा काढायचा, जमेल तसा. जिथे ऊन येतं तिथे पिवळा रंग द्यायचा. मग आपले दिवसाचे तास जिथे जातात तिथे बोटाला कुंकू लावून ठिपके द्यायचे. पंधरा जणींचे कागद भिंतीवर लावले. पिवळा एकीकडे, लाल ठिपके दुसरीकडे. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. त्या ताईंच्या कागदावर पिवळा रंग नव्हताच. त्या म्हणाल्या, "माझं ऊन रस्त्यावर आहे. कामावर जाता-येताना."

माझ्या नव्या घरात ताई सकाळी येतात तेव्हा टेबलाशी बसून चहा घेतात, त्याच खिडकीत. यात मी मोठं काही करते असं नाही. संध्याकाळी त्या आपल्या खोलीवर जातात आणि दिवा लावतात. त्यांच्या इमारतीच्या पुनर्विकासाची सभा पुढल्या महिन्यात आहे. नकाशा मागायला आम्ही चौघीजणी त्यांच्याबरोबर जाणार आहोत.